ब्लॉक साठ टक्के. आता सीटी परफ्यूजन करायचं का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे.

"डॉक्टर, आमचं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे. माझे यजमान ६१ वर्षांचे. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. गेल्या पावसाळ्यापासून व्हाळाकडून (ओढ्याकडून) घराकडे चढ चढताना त्यांच्या छातीत दडपल्यासारखं होतं. दोन-तीन मिनिटं बसले की थांबतं. सपाटीवर चालताना काही होत नाही. सीटी अँजिओग्राफी केली. हृदयाच्या एलएडी नावाच्या रक्तनळीत ६० टक्के ब्लॉक आणि बरंच कॅल्शियम आहे, बाकी नळ्यांत किरकोळ, डावी मुख्य नळी साफ, असा रिपोर्ट आला. ईकोत पंपिंगही साठच टक्के राहिलंय. क्रिएटिनीन १.२. एका डॉक्टरांनी सांगितलं, अँजिओ करून स्टेंट टाकून मोकळे व्हा. दुसरे म्हणाले, घाई नको, हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते आधी सीटी परफ्यूजन करून मोजू. भाचा मुंबईला असतो, तो म्हणतो इकडे या, अपॉइंटमेंट मी घेतो. यजमान म्हणतात, एकदा सीटी झालं ना, परत तेच कशाला? त्यांना थंडीत दमा उठतो, तेव्हा डेरिफिलीन घेतात. कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर बिघडवते असं कुणीतरी सांगितलं म्हणून महिन्यापूर्वी त्यांनीच बंद केली. आम्ही काय करावं?"

ताई, पत्र नीट, तपशिलानं लिहिलंत, म्हणून नेमकं काही सांगता येतंय. आधी एक भीती काढून टाका. पंपिंग साठ टक्के "राहिलंय" असं तुम्ही लिहिलंत. ते कमी झालेलं नाही. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. यजमानांचं पंपिंग उत्तम आहे. ईकोतला साठ आणि ब्लॉकचा साठ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा घोळ इतक्या घरांत होतो की रिपोर्ट हातात देतानाच कुणीतरी तो फोडून सांगायला हवा.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. चढावर दडपण येतं, बसलं की जातं, आणि गेले काही महिने ते तसंच आहे, वाढलेलं नाही. याला आम्ही स्थिर अंजायना म्हणतो. हे चित्र बदललं तर मात्र हे पत्र बाजूला ठेवायचं. बसल्या जागी किंवा झोपेत दुखायला लागलं, पूर्वीपेक्षा थोड्याच श्रमानं येऊ लागलं, घाम सुटला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर कुठलंही स्कॅन नको. १०८ला फोन करा. गोव्यात हार्ट अटॅकसाठी बांबोळीच्या गोमेकॉशी (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी) जोडलेली यंत्रणा आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो बांबोळीचे डॉक्टर बघतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गरज असेल तर तिथेच दिलं जातं. अशा वेळी स्वतःच्या गाडीत घालून थेट पणजीच्या वाटेला लागू नका.

आता तुमचा प्रश्न. सीटी अँजिओ नळीचं चित्र दाखवते. ती कुठे अरुंद झाली, आत साचलेला थर मऊ आहे की कॅल्शियमचा, हे कळतं. पलीकडच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का, हे त्या चित्रात दिसत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. कुळागर सांभाळणाऱ्या घरात मी हे वेगळं काय समजावू? पाटात गाळ साचलेला दिसतो, पण शेवटच्या माडाच्या आळ्यात पाणी पोचतं की नाही हे आळ्यापाशी जाऊनच कळतं. शिवाय पावसात पोचलं म्हणून मे महिन्यात पोचेलच असं नाही.

त्यातला मे महिना महत्त्वाचा. १९७४ साली के. लान्स गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की शांत असताना नळी जवळपास ८५ टक्के अरुंद होईपर्यंत स्नायूचा रक्तपुरवठा कमी होत नाही, कारण पुढच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन तूट भरून काढतात. पण हृदयावर ताण आला की निम्म्याच्या आसपास अरुंद झालेली नळीही कमी पडायला लागते. निरोगी हृदयाचा रक्तपुरवठा श्रमात विश्रांतीच्या तीन-चार पट वाढू शकतो. ही वाढ किती शिल्लक आहे, हा खरा प्रश्न. चाळीस ते सत्तर टक्क्यांच्या मधल्या ब्लॉकमध्ये कुणाची वाढ शाबूत असते, कुणाची नसते. नुसत्या टक्क्यावरून ते ओळखता येत नाही. कॅल्शियम जास्त असेल तर आणखी पंचाईत. सीटीवर कॅल्शियम चकाकतं आणि आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, त्यामुळे ब्लॉक फुगवून वाचला जाण्याचा धोका असतो. तेव्हा तुमच्या रिपोर्टातले साठ टक्के दगडावरची रेघ धरू नका. दुसऱ्या अनुभवी डोळ्यानं ते पन्नास किंवा सत्तरही वाचले जाऊ शकतात.

सीटी परफ्यूजन हा प्रश्न थेट विचारतं, म्हणून ती तपासणी मला आवडते. हाताच्या शिरेतून आयोडीनचा डाय देतात. आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून डाय पोचलेला स्नायू चित्रात उजळतो. जिथे रक्त कमी, तिथे डाय कमी आणि तो भाग काळपट. किती उजळला ते हाउन्सफील्ड या एककात मोजलं जातं. ज्या इंजिनियरनं सीटी स्कॅनर घडवला आणि १९७९चं नोबेल मिळवलं, त्याच्या नावाचं हे एकक. एकच क्षण टिपून काळपट भाग शोधला तर ती स्थिर पद्धत. साधारण अर्धा मिनिट एकामागून एक चित्रं घेऊन डाय महाधमनीत कधी आला, स्नायूत किती वेगानं चढला याचा आलेख काढला तर ती डायनॅमिक पद्धत. तुमच्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हीच असावी, कारण मिनिटाला शंभर मिलिलिटर स्नायूमागे इतके मिलिलिटर रक्त, असा आकडा हिच्यातूनच मिळतो. तिन्ही नळ्या सारख्याच खराब असतील तर स्थिर पद्धतीत सगळाच स्नायू सारखा दिसतो आणि आजार नजरेतून निसटू शकतो. तिथे आकडा उपयोगी पडतो.

हे सगळं हृदयावर ताण आणूनच करायचं असतं, नाहीतर पावसाळ्यातला पाट बघून परतल्यासारखं होईल. सीटीच्या टेबलावर पळता येत नाही, म्हणून अ‍ॅडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉन हे औषध शिरेतून देऊन हृदयाच्या वाहिन्या रुंद करतात. चेहरा तापतो, छाती भरून येते, दम लागल्यासारखं वाटतं. अ‍ॅडेनोसिन बंद केलं की हे बहुतेक मिनिटाभरात ओसरतं, कारण ते रक्तात काही सेकंदच टिकतं.

इथेच तुमच्या यजमानांचा दमा आडवा येतो, आणि माझं उत्तरही इथेच ठरतं. अ‍ॅडेनोसिननं श्वासनळ्या आवळल्या जाऊ शकतात. दम्याच्या रुग्णाला ते टाळतात. रेगाडेनोसॉन त्या मानानं बरं, पण तेही जपून आणि देखरेखीखालीच. शिवाय डेरिफिलीनमध्ये थिओफिलीन असतं, आणि ते याच औषधांचा परिणाम मारतं. गोळी घेऊन तपासणीला गेलं तर ताण पुरेसा येत नाही आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. गोळी थांबवली तर दमा उठण्याची धास्ती. या दोन्हींच्या मध्ये त्यांना अडकवायचं कारण मला दिसत नाही, कारण हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं विचारता येतो.

ती वाट म्हणजे स्ट्रेस ईको. ट्रेडमिलवर चालवून, किंवा डोब्युटामिन नावाचं औषध देऊन हृदयाची गती वाढवायची आणि रक्त कमी पडणारी भिंत नीट आकुंचन पावते का हे ईकोवर बघायचं. डाय नाही, किरण नाहीत, दम्याशी त्या मानानं वैर नाही. ईकोचं चित्र त्यांच्या छातीत स्पष्ट येत नसेल तर व्यायाम करवून न्यूक्लियर स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध देऊन स्नायूचा रक्तपुरवठा बघणं. लोक त्याला अजून थॅलियमच म्हणतात, आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात. यजमान चढ चढू शकतात म्हणजे ट्रेडमिलवर चालू शकतील, आणि जो ताण त्यांना रोज जाणवतो तोच तिथे तपासला जाईल. माझ्या मते तुमच्यासाठी पहिली पायरी ही. ती गोव्यातच चढा, मुंबई राहू द्या.

मग सीटी परफ्यूजनला मी कधी हो म्हणेन? स्ट्रेस ईकोचं उत्तर अर्धवट आलं, त्रास मात्र कायम राहिला आणि छातीच्या डॉक्टरांनी दम्याबाबत हिरवा कंदील दिला, तर जरूर. खरं तर तिची उत्तम जागा सीटी अँजिओच्याच दिवशी, एकाच टेबलावर असते: नळीही बघितली आणि स्नायूही. कोअर ३२० या अभ्यासात ८ देशांतल्या १६ केंद्रांत ३८१ रुग्णांवर ही जोडी तपासली गेली. कॅथेटर अँजिओ (हाताच्या किंवा जांघेच्या धमनीतून बारीक नळी घालून करतात ती) आणि न्यूक्लियर स्कॅन मिळून जे सांगतात, ते या जोडीनं चांगल्या अचूकतेनं ओळखलं, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. तुमची पहिली फेरी होऊन गेली आहे. आता परत डाय आणि परत किरण घ्यायचे, तर त्याला तेवढंच कारण हवं. यजमान "परत तेच कशाला" म्हणतात तेव्हा तपासणी तीच नाही, हे त्यांना जरूर सांगा. पण दुसऱ्यांदा करताना कारण विचारायचा त्यांचा हक्क शंभर टक्के आहे.

किरणांचा हिशोब एवढाच: डायनॅमिक परफ्यूजनला साधारण ५ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) लागतात. माती, हवा, आकाश यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिळतात. साठीच्या माणसाला घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण उगाच घेण्यासारखंही नाही. क्रिएटिनीन १.२ म्हणजे या वयाच्या पुरुषाला किडनीची गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) साठच्या वर, म्हणजे पुरेशी. डायची तेवढ्यासाठी धास्ती नको. मेटफॉर्मिनही या आकड्यावर सहसा थांबवावी लागत नाही. काही केंद्रं तरीही ४८ तास बंद ठेवायला सांगतात. सांगितलं तर ऐका, फक्त परत सुरू करायला विसरू नका.

पुढेमागे परफ्यूजन करायचं ठरलंच तर चहाचं आधी बघा. आमच्याकडे तपासणी इथेच फसते. "उपाशी या" असं सांगितलं तरी सकाळी सहाच्या आधी कपभर चहा पोटात गेलेला असतो, आणि तो कुणी जेवणात धरत नाही. कॅफीन अ‍ॅडेनोसिनचा परिणाम मारतं. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या, हे सगळं २४ तास आधीपासून बंद. घोटभर घेतलाच असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगून टाकायचं, तपासणी दुसऱ्या दिवशी होईल. न सांगता करून घेतलेली "नॉर्मल" तपासणी कुणाच्या उपयोगाची नसते.

मुंबईचा विचार करत असाल तर भाच्याला अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर विचारायला सांगा: डायनॅमिक स्ट्रेस परफ्यूजन तुमच्याकडे नेहमी होतं का, की कधीतरी? नुसतं मोठं सीटी मशीन असून चालत नाही. अख्खं हृदय एका दमात टिपणारा रुंद डिटेक्टर किंवा दोन ट्यूबचं मशीन, ते सॉफ्टवेअर आणि रोज अशी चित्रं वाचणारा माणूस, तिन्ही लागतात. हृदयाच्या मागच्या खालच्या भिंतीवर कधी कधी किरणांच्या खेळामुळेच खोटी काळी सावली पडते. सवय नसलेला माणूस तिला आजार समजतो. आणि एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी ताडून बघू नका. सीटीचे आकडे पेट (पीईटी) या न्यूक्लियर स्कॅनपेक्षा कमी येतात हे माहीतच आहे. त्याच हृदयाच्या चांगल्या भागाशी केलेली तुलना जास्त भरवशाची असते. खर्चाचं म्हणाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे ना ते बघा, आणि ही तपासणी यादीत बसते का ते आधी विचारा, बिल झाल्यावर नव्हे.

आता स्टेंट. स्टेंट सुचवणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. हार्ट अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, त्यात दुमत नाही. स्थिर अंजायनाचं गणित वेगळं आहे. २०२० साली इस्केमिया नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, सगळ्यांच्या स्नायूला मध्यम किंवा जास्त रक्त कमी पडत होतं. अर्ध्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओ आणि स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. तीन वर्षांहून थोडा जास्त काळ पाहिलं, मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत ठळक फरक पडला नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना मात्र स्टेंट-बायपासनं आराम जास्त मिळाला. डाव्या मुख्य नळीचा आजार आणि खूप दुबळं पंपिंग असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. तुमच्या यजमानांची ती नळी साफ आहे आणि पंपिंग चांगलं, म्हणून हा निकाल त्यांना लागू पडतो. म्हणजे स्टेंट हा त्रास कमी करण्याचा उपाय म्हणून हाताशी आहे. तो या आठवड्यात टाकला नाही तर काही भयंकर होईल, असं कुणी म्हणत असेल तर तुमच्या रिपोर्टांत त्याला आधार नाही.

मला खरी काळजी वाटते ती बंद केलेल्या गोळीची. पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ ती आहे, आणि ती तुम्ही शेवटी लिहिलीत. नळीतला थर स्थिर ठेवण्याचं काम स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी करते, आणि अटॅक बहुतेकदा थर फुटून त्यावर गुठळी झाल्यानं येतो. साठ टक्क्यांच्या जागीच तो फुटेल असंही नाही, "किरकोळ" लिहिलेल्या नळीतही फुटू शकतो. तिथे ना स्टेंट पोचणार, ना परफ्यूजन काही सांगणार. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेला स्कॉट-हार्ट अभ्यास बघा. ज्यांच्या उपचारात सीटी अँजिओची भर घातली, त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण २.३ टक्के होतं, बाकीच्यांत ३.९ टक्के. पाच वर्षांत स्टेंट आणि बायपास दोन्ही गटांत जवळपास सारखेच झाले होते. नळीत थर दिसल्यावर योग्य माणसांना गोळ्या सुरू झाल्या, त्याचा हा फायदा असं मानलं जातं. लिव्हरचं म्हणाल तर स्टॅटिननं काहींची एन्झाइम्स थोडी वाढतात, रक्त तपासून ते कळतं. गंभीर इजा फार क्वचित होते. अंग फार दुखायला लागलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. स्वतःहून बंद करणं मात्र नको. ज्या डॉक्टरांनी ती लिहिली होती त्यांना उद्याच फोन करा आणि परत सुरू करून घ्या. अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. त्याच फोनवर तेही विचारा.

अंजायनासाठी गोळी लिहून घेताना दम्याचं आवर्जून सांगा. मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गती कमी करणारी गोळी दम्यात जपून द्यावी लागते. दुसरे पर्याय आहेत, पण दमा माहीत असेल तरच डॉक्टर ते निवडतील. खिशात सॉर्बिट्रेट असू द्या. दडपण आलं की आधी बसायचं, मग गोळी जिभेखाली. उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. आणि एक नाजूक गोष्ट, जी घरात कुणी विचारत नाही: लैंगिक ताकदीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी ते घेत असतील तर सॉर्बिट्रेटबरोबर ती जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

कुळागर बंद करू नका. चढ सावकाश चढा, मध्ये थांबा, ओझं गड्याकडे द्या, एकट्यानं व्हाळाकडे जायचं नाही, फोन बरोबर. सपाटीवर रोज चालणं चालू ठेवा. कितव्या पायरीला, कुठल्या झाडापाशी दडपण येतं ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. औषधं नीट सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती वही आणि स्ट्रेस ईकोचा रिपोर्ट घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. दडपण गेलं किंवा बरंच कमी झालं आणि ईकोत थोडाच भाग रक्ताला कमी पडत असेल, तर गोळ्यांवरच राहा. दडपण तसंच असेल किंवा मोठा भाग कमी पडत असेल, तर कॅथेटर अँजिओला होकार द्या. फक्त सही करण्याआधी विचारा की स्टेंट टाकण्यापूर्वी प्रेशर वायरनं एफएफआर (ब्लॉकच्या पलीकडे किती दाब शिल्लक राहतो त्याचं प्रमाण) मोजणार का. तो आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर ब्लॉक खरोखर रक्त अडवतो असं धरतात, आणि मग स्टेंट टाकून घ्यायला माझीही हरकत नाही.

सीटीची सीडी मागून घेतली नसेल तर घ्या. नुसता कागद देतात तिथेही मागितल्यावर मिळते. कॅल्शियममुळे साठ टक्क्यांबद्दल शंका आहे, तेव्हा ती चित्रं दुसऱ्या एखाद्या कार्डियाक रेडिओलॉजिस्टकडून वाचून घ्या. त्यासाठी यजमानांना परत टेबलावर झोपावं लागणार नाही.